‘इमान’ ऐवजी ‘विमान’ असे वाचावे

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाकडच्या वर्षांत, शिमगा होऊन गेल्यावर, दोन प्रहरी, तळकोकणातल्या करंजसडे गावच्या सड्यावर विष्णू धोंडू राऊळ या एकोणीस-वीस वर्षांच्या मजुराचा मृत्यू झाला. सरावाला निघालेल्या बॉम्बफेकी विमानातून सुटलेला लोखंडी गोळा त्याच्या डोक्यावर पडला. नेमकी तारीख उपलब्ध नाही. नोंदीच्या पानाची ती कड वाळवीने खाल्ली आहे. बाकीचे मी तपासले आहे. ते तपासायला मला सहा वर्षे लागली. ते चुकीचे छापायला चार मिनिटे लागली होती.

मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होते, शेवटची काही वर्षे मुख्य उपसंपादक. आमचे कार्यालय लोअर परळला, एका बंद गिरणीच्या आवारात उठलेल्या इमारतीत होते. उपसंपादकाचे नाव वर्तमानपत्रात छापून येत नाही. बातमीदार बातमी आणतो. ती वाचायची, कापायची, शुद्ध करायची, मथळा द्यायचा आणि वेळेत पान छपाईला सोडायचे, एवढे आमचे काम. माझ्याकडे आणखी एक काम होते. छापून गेलेल्या चुकांची दुरुस्ती मी लिहीत असे. पान सातवर राशिभविष्याखाली तिची चौकट असायची. ‘अमुक ऐवजी तमुक असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’ एका गृहस्थांच्या थोरल्या भावाचे निधन झाले आणि आम्ही धाकट्याचे नाव छापले. धाकटे स्वतः पेढे घेऊन कार्यालयात आले आणि म्हणाले, ‘‘घ्या, पुनर्जन्माचे.’’ त्यांचीही दुरुस्ती मीच लिहिली. अशा शेकडो लिहिल्या. त्यातली एकच माझ्या मागे लागली.

बातमी साधी होती. करंजसडे गावच्या चाकरमान्यांचे मंडळ लालबागला आहे. मंडळाची सभा झाली. विषय होता सड्यावरची जमीन. युद्धकाळात सरकारने तो सडा विमानतळासाठी घेतला होता. गावाची गुरे तिथे चरायची. युद्ध संपले, विमाने गेली, सडा गावाला परत मिळाला नाही. आता तिथे नवीन मोजणी सुरू झाली होती. सभेत काही वृद्ध बोलले. त्यात एक बाई होत्या, सत्यभामा, माहेरच्या राऊळ. मंडळात त्यांना भामाआजी म्हणत.

बातमी रमाकांतने आणली होती. तो लालबागचाच, मूळचा मालवणकडचा. त्याने भामाआजींचे बोलणे जसेच्या तसे लिहिले होते: ‘‘माजो भाव इमानापायी गेलो. सड्यार कामाक होतो.’’

आमच्याकडे नियम होता की अवतरणे प्रमाण भाषेत छापायची. मी दादरची. आमच्या घरात इमान म्हणजे प्रामाणिकपणा. मी वाक्य केले: ‘‘माझा भाऊ कामावरच्या इमानापायी गेला.’’ ‘कामावरच्या’ हा शब्द माझा. मग बातमीत चौकट टाकली आणि तिला मथळा दिला: ‘इमानासाठी प्राण दिले!’ उद्गारचिन्हही माझेच. रमाकांतला त्या दिवशी विचारता आले असते. तो दहा पावलांवर चहा पीत उभा होता. मी विचारले नाही. मला शंकाच आली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी आला.

‘‘ताई, वाट लावलीत.’’

‘‘काय झालं?’’

‘‘इमान म्हणजे विमान हो. आमच्याकडे विंचवाला इंचू म्हणतात, विस्तवाला इस्तव. तसं इमान. ती म्हातारी म्हणत होती, भाऊ विमानामुळे मेला.’’

‘‘मग कॉपीत कंसात लिहायचं नाही?’’

‘‘मला काय माहीत, तुम्ही त्याला हरिश्चंद्र कराल म्हणून! तुम्ही दादरच्या. तुमच्याकडे विमानं उडतात, आमच्याकडे इमानं.’’

आजूबाजूचे हसले. मीही हसले. दुरुस्तीची गरज आहे का, यावर थोडी चर्चा झाली. तक्रार आलेली नव्हती. तक्रार आल्याशिवाय दुरुस्ती छापायची नाही, हाही एक नियम होता.

तक्रार यायला वर्ष लागले. एका सकाळी स्वागतकक्षातून फोन आला की एक आजी आल्या आहेत, नातीबरोबर. भामाआजी ऐंशीच्या घरात होत्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी, पिशवीत आमच्या अंकाचे घडी घातलेले पान. नात मनीषा लोअर परळलाच एका कंपनीत नोकरीला होती.

‘‘सॉरी हां मॅडम,’’ मनीषा म्हणाली. ‘‘ती ऐकतच नाही. सकाळी सहापासून चपला घालून बसलीये.’’

‘‘तू गप ऱ्हव,’’ आजी तिला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. ‘‘ह्या तुमी लिवलास?’’

मी हो म्हटले.

‘‘माका वाचूक येणा नाय. हिणा वाचून दाखवल्यान. गावात आता दगड लावलो हा. त्येच्यारय ह्याच.’’

मंडळाने आमची चौकट वाचली होती. मंडळाला ती आवडली होती. गावच्या शाळेपाशी एक काळा दगड बसवला होता आणि त्यावर कोरले होते: ‘कै. विष्णू धोंडू राऊळ यांनी इमानासाठी प्राण दिले.’ समारंभात भामाआजींच्या हातात नारळ दिला होता. दगडावर काय लिहिले आहे ते त्यांना परत आल्यावर कळले.

मी म्हटले, ‘‘आजी, चूक झाली. पण त्यात त्यांचा अपमान तर नाही ना?’’



‘‘दिले म्हणजे आपसून दिल्यान,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्येना प्राण दिल्यान नाय. त्येचे घेतले.’’

मग त्यांनी सांगितले ते असे. सड्यावर विमानतळाच्या टोकाला एक मोठे रिंगण होते, चुन्याने आखलेले. शिकाऊ वैमानिक वरून त्या रिंगणावर नेम धरायचे. गोळ्यात स्फोटक नसायचे, नुसता धूर करणारी पूड असायची. धूर कुठे उठला त्यावरून नेम कळायचा. पण गोळा लोखंडाचा. रिंगण पुसट झाले की गावातल्या मजुरांनी त्यावर पुन्हा चुना द्यायचा. विष्णूचे काम तेच. सराव चालू असेल तेव्हा काठीवर लाल बावटा चढे. बावटा असेपर्यंत कुणी आत जायचे नाही. बावटा उतरला की चुनेवाल्यांनी जायचे.

‘‘बावटो खाली होतो,’’ आजी म्हणाल्या. ‘‘मी बघलंय. मी आठ वर्साची होतंय. त्येका भाकरी घेऊन गेल्लंय.’’

विष्णू मेल्यावर तळावरच्या एका साहेबाने त्यांच्या वडिलांचा अंगठा एका कागदावर घेतला. कागदावर लिहिले होते की बावटा वर असताना मुलगा आपल्या मर्जीने आत गेला. वडिलांना ते वाचता आले नाही. नंतर तलाठ्याने वाचून सांगितले. त्याच वर्षी घर बंद करून वडील उरलेल्या कुटुंबाला घेऊन लालबागला आले आणि गिरणीत लागले. गावात मात्र बोलणे राहिले की विष्णू स्वतःच्या चुकीने गेला.

‘‘आता तुमी लिवलास, त्येना आपसून प्राण दिल्यान. म्हणजे त्यो कागद खरो.’’

त्यांना दोन गोष्टी छापून हव्या होत्या. भाऊ विमानाने मेला. आणि बावटा खाली होता. पहिली मी लगेच कबूल केली. दुसरीबद्दल मी त्यांना आमचा नियम सांगितला: आरोप असेल तर दोन साक्षीदार लागतात, एकमेकांशी संबंध नसलेले. एकाच्या सांगण्यावर छापत नाही.

‘‘तुमका दोन माणसा होयी,’’ आजी म्हणाल्या. ‘‘थंय दोनच माणसा होती. एक मी नि एक तो.’’

त्या आठवड्यात पान सातवर दुरुस्ती आली. ती मी लिहिली. संपूर्ण मजकूर असा: ‘करंजसडे मंडळाच्या सभेच्या वृत्तात ‘इमान’ ऐवजी ‘विमान’ असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’ बावट्याचा उल्लेख नव्हता.

काही महिन्यांनी मंडळाचे चिटणीस परब यांचा फोन आला. आवाजात उत्साह होता.

‘‘मॅडम, काम झालं. दगड दुरुस्त केला.’’

‘‘काय केलंत?’’

‘‘तुमच्या पेपरात आलं तसंच. ‘इमान’ ऐवजी ‘विमान’. नवा दगड नाही घ्यावा लागला. कारागिरानं पहिलं अक्षर तासलं, सिमेंट भरलं नि ‘वि’ कोरला. बाकी मजकूर तोच.’’

मी त्यांना मजकूर वाचायला सांगितले. त्यांनी वाचला: ‘‘कै. विष्णू धोंडू राऊळ यांनी विमानासाठी प्राण दिले.’’

‘‘परब, याचा अर्थ काय होतो?’’

‘‘अर्थ म्हणजे... विमानतळासाठी जमीन गेली, माणूस गेला. बरोबर बसतं की.’’

मी त्यांना बावट्याचे सांगितले. लाल बावटा खाली होता, हे आजींचे म्हणणे दगडावर यायला हवे.

‘‘लाल बावटा?’’ परब थबकले. त्यांचे वडील गिरणीत होते, आजोबा गिरणीत होते. लालबाग-परळमध्ये लाल बावटा म्हणजे युनियन. ‘‘हे कुठून आलं आता? मॅडम, मंडळ राजकारणात पडत नाही. विष्णू राऊळ युनियनमध्ये होते, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.’’

त्यांना समजावायला बराच वेळ लागला. शेवटी ते म्हणाले, ‘‘पुरावा आणा. पुरावा आणलात तर सभेपुढे ठेवतो.’’ त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मीही आजींना तेच सांगितले होते.

त्यानंतर मी निवृत्त झाले आणि करंजसड्याला गेले.

सडा म्हणजे जांभ्याचे सपाट पठार. पावसाळ्यात गवत, एरवी उघडा कातळ. विमानतळाची जागा गावातल्या कुणीही दाखवते. धावपट्टीचा काही भाग शाबूत आहे. त्यावर भात वाळत घालतात आणि गावातली पोरे स्कूटर शिकतात. गावातल्या बायांनी डोक्यावरून दगड वाहून ती पट्टी केली होती, असे तीन वेगवेगळ्या घरांत ऐकले. धावपट्टी गावात अजूनही ‘इमानाची वाट’ या नावाने ओळखली जाते. रिंगण राहिलेले नाही. जिथे होते तिथे कातळात लहान खळगे आहेत. रिंगणापासून शंभरेक पावलांवर एक जांभळाचे झाड आहे.

पूर्वी गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी ज्या वहीत होत, तिला कोतवाल बुक म्हणतात. जुन्या वह्या तालुक्याच्या कचेरीत असतात. करंजसड्याची ती वर्षे शोधून नक्कल मिळायला दोन वर्षे आणि अकरा फेऱ्या झाल्या. नोंद मोडी लिपीत होती. गिरगावात मोडी वाचणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे नक्कल नेली. त्यांनी भिंग लावून वाचले आणि देवनागरीत उतरवायला घेतले.

‘‘मरणाचे कारण: इमानाचा गोळा डोकीवर पडोन. वेळ दोन प्रहर,’’ ते म्हणाले. ‘‘बाई, लिहिणाऱ्यानं इथं ‘इमान’ लिहिलंय. अशुद्ध आहे. मी ‘विमान’ करून देऊ का?’’

‘‘नको,’’ मी म्हटले. ‘‘आहे तसंच राहू द्या.’’

बावट्याबद्दल नोंदीत काही नव्हते. पण गावच्या देवस्थानाच्या जुन्या कागदांत एक छापील जाहीरनामा मिळाला. तळाच्या साहेबाच्या हुकमाने काढलेला, मराठीत. त्यात बावट्याच्या वेळा होत्या: सकाळी चढेल, दोन प्रहरी उतरेल, तेव्हा रिंगणास चुना देण्याचे काम करावे, तिसऱ्या प्रहरी पुन्हा चढेल. जाहीरनाम्यात वेळ दोन प्रहर. कोतवाल बुकात वेळ दोन प्रहर. एवढ्यावरून बावटा त्या वेळी खाली असायला हवा होता, असे म्हणता येते. त्या दिवशी तो खरोखर खाली होता, हे सिद्ध होत नाही. डेस्कवर असते तर ‘असावा’ हा शब्द वापरून मी हा निष्कर्ष छापला असता.

मी दगडासाठी नवा मजकूर तयार केला आणि तो घेऊन लालबागला गेले. भामाआजींची खोली चाळीत दुसऱ्या मजल्यावर. खाली मसाल्याची गिरणी चालू होती. जिन्यातच शिंका येत होत्या. आजी पलंगावर बसून होत्या. ऐकू कमी येत होते. मनीषाने मला त्यांच्या कानाजवळ बसवले.

मी मोठ्याने वाचले: ‘‘विष्णू धोंडू राऊळ. दोन प्रहरी, बावटा उतरण्याच्या वेळी, रिंगणास चुना देण्याचे काम करीत असता, विमानातून पडलेल्या गोळ्याने मृत्यू.’’

आजींनी मान हलवली. मला वाटले, मजकूर पसंत आहे.

‘‘काम करीत नाय होतो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जेवत होतो.’’

‘‘आजी, काय बोलतेस?’’ मनीषा म्हणाली. ‘‘हे तू कधी सांगितलंच नाहीस.’’

‘‘तू इचारलस कधी?’’

मी विचारले, जेवत कुठे होता.

‘‘रिंगणात. अगदी मधी.’’ त्या हाताने पलंगावर गोल काढू लागल्या. ‘‘तो म्हणालो, चल झाडाखाली जाव्या. माका मधीच बसूचा होता. ताजो चुनो, पांढरोशुभ्र. मी हट्ट धरलंय. तो म्हणालो, बस. बावटो खाली होतो. तो पाणी घेऊक उठूक लागलो नि माका म्हणालो, तू तांब्यो आण. तांब्यो झाडाकडे होतो. मी गेलंय.’’

खालची गिरणी मध्येच थांबली. चाळीत कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

‘‘बावटो वर असतो तर थंय कोण जेवूक बसतलो?’’ आजी म्हणाल्या. ‘‘सांगा. तुमी शिकलेली माणसा.’’

प्रश्न बरोबर होता. बावटा खाली होता याचा तोच सर्वांत चांगला पुरावा होता, आणि तो त्यांनी ऐंशी वर्षे कुणाला दिला नव्हता. वडिलांना नाही, नवऱ्याला नाही, पहिल्या भेटीत मलाही नाही.

मनीषा म्हणाली, ‘‘आजी, ते राहू दे ना. ते कशाला लिहायचं?’’

‘‘लिवा,’’ आजी माझ्याकडे पाहून म्हणाल्या. ‘‘जेवत होतो, असा लिवा. भयणीन भाकरी हाडल्यान, असा लिवा. माका वाचूक येणा नाय, पण सगळ्यांका वाचूक येता.’’

मी मजकूर तिथेच बदलला: ‘दोन प्रहरी, बावटा खाली असता, रिंगणात बहिणीने आणलेली भाकरी खात असता, विमानातून पडलेल्या गोळ्याने मृत्यू.’ तीन वेळा वाचून दाखवला. तिसऱ्या वेळी त्यांनी कागद मागून घेतला, शाई मागितली आणि खाली अंगठा उठवला. मनीषाने स्टॅम्पपॅड शेजारच्या दुकानातून आणले होते. अंगठा उठवण्याआधी आजींनी तिला मजकूर पुन्हा एकदा वाचायला लावला.

तो कागद, कोतवाल बुकाची नक्कल आणि जाहीरनाम्याची प्रत मी परबांकडे दिली. त्यांनी पोच दिली. रमाकांत आता दुसऱ्या दैनिकात आहे. त्याला मी सर्व सांगितले. ‘‘ताई, बातमी आहे,’’ तो म्हणाला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. त्याच्या संपादकांनी विचारले होते, यात आजचे काय आहे.

भामाआजींचे गेल्या वर्षी श्रावणात लालबागला राहत्या घरी निधन झाले. निधनवार्ता आमच्या जुन्या दैनिकात आली. नाव आणि वय बरोबर छापले होते. ती मी दोनदा वाचली.

मंडळाची वार्षिक सभा त्यानंतर झाली. विषयपत्रिकेवर सड्याची मोजणी, गणपतीसाठी गाड्यांचे आरक्षण आणि नवी कार्यकारिणी हे विषय होते. परब आता चिटणीस नाहीत. कागद नव्या चिटणिसांकडे दिले आहेत, असे त्यांनी सांगितले. नव्या चिटणिसांनी कागद मिळाल्याचे मान्य केले. ते म्हणाले की मजकूर दगडाच्या मानाने लांब आहे, आणि भाकरीचा उल्लेख स्मारकावर बरा दिसेल का, यावर दोन मते आहेत.

यंदा गणपतीला मनीषा गावी गेली होती. शाळेपाशी थांबून तिने फोनवर दगडाचा फोटो काढून मला पाठवला. ‘वि’भोवतीचे सिमेंट पावसाने काळे पडले आहे. अक्षरे वाचता येतात: ‘कै. विष्णू धोंडू राऊळ यांनी विमानासाठी प्राण दिले.’